महिला फ्लोअरबॉल विश्वचषक: तगडे आणि कच्चे संघ वेगवेगळ्या गटांत ठेवणं योग्य आहे का?

रिंकबाजू
फ्लोअरबॉल म्हणजे बंदिस्त हॉलमध्ये स्टिक आणि पोकळ प्लास्टिक चेंडूने खेळायचा हॉकीसारखा खेळ. त्याच्या महिला विश्वचषकात १६ संघ आणि चार-चारचे चार गट असतात, पण सोडत सरमिसळ होत नाही. क्रमवारीतले वरचे आठ संघ अ आणि ब गटात, खालचे आठ क आणि ड मध्ये. अ-ब मधले पहिले दोन थेट उपांत्यपूर्व फेरीत जातात. तिथले तिसरे-चौथे संघ क-ड मधल्या पहिल्या-दुसऱ्यांशी एकेक प्लेऑफ खेळतात, जिंकणारा उपांत्यपूर्व फेरीत. क-ड चे तिसरे-चौथे मात्र १३ ते १६ क्रमांकांसाठी झगडतात. सिंगापूरला २०२३ मध्ये हेच होतं.

ही पद्धत बदलायला हवी. अ गटात तिन्ही सामने हरलेल्या, शून्य गुणांच्या संघाला प्लेऑफ मिळतो. क गटात दोन सामने जिंकून गोलफरकाने तिसरा आलेला संघ मात्र पदकाच्या शर्यतीतून बाद. त्यात क्रमवारी ठरते मागच्या दोन विश्वचषकांवरून. स्पर्धा दोन वर्षांनी एकदा होते, म्हणजे चार वर्षांपूर्वीचा निकाल आजच्या संघाच्या मानगुटीवर बसलेला. १९९७ ते २०२३ या १४ स्पर्धांत स्वीडन ११ वेळा जिंकलं, फिनलंड दोनदा, स्वित्झर्लंड एकदा. वरचं दार असं अर्धवट लावून ठेवलं तर नवीन नाव येणार कुठून?

तिसरी_फळी
अजिबात पटलं नाही. आइस हॉकीकडे बघा. २०१० च्या व्हँकुव्हर ऑलिंपिकमध्ये कॅनडाच्या महिलांनी स्लोव्हाकियाला १८-० हरवलं. त्यानंतर दोनच वर्षांत महिला विश्वस्पर्धेत तगडे संघ एका गटात आणि बाकीचे दुसऱ्या गटात अशी विभागणी आली. असे सामने कोणालाच काही शिकवत नाहीत.

फ्लोअरबॉलमध्ये दरी आणखी लवकर उघडी पडते. संघात २० जणी, मैदानात गोलरक्षक धरून सहा. स्वीडन पाच-पाच जणींच्या तीन फळ्या आलटून-पालटून खेळवतं, एक फळी जेमतेम पाऊण-एक मिनिट आत असते. कच्च्या संघाकडे त्या तोडीच्या दोनच फळ्या असतात. खेळ थांबला की घड्याळही थांबतं, त्यामुळे २० मिनिटांचं सत्र प्रत्यक्षात बरंच लांबतं. दुसऱ्या सत्रात पाय जड झाले की बचावपटू अर्धं पाऊल उशिरा पोहोचते आणि चेंडूऐवजी समोरचीच्या स्टिकवर फटका मारते. दोन मिनिटांची शिक्षा. पाचाविरुद्ध चार, आणि त्या चारही दमलेल्या.

गोलरक्षकाचे हाल वेगळेच. तिच्याकडे स्टिक नसते, ती गुडघ्यांवर बसून खेळते. चेंडू २३ ग्रॅमचा, २६ भोकांचा. समोर आपल्याच बचावपटूंच्या पायांची भिंत असेल तर तो सुटलेला दिसतच नाही. असे पंधरा गोल खाल्लेली गोलरक्षक दुसऱ्या दिवशी बरोबरीच्या संघाविरुद्ध काय आत्मविश्वासाने बसणार?

कोपऱ्यातला_चेंडू
वर्णन बरोबर, पण निष्कर्ष उलटा निघतो. आत्ताच्या पद्धतीत हा धक्का टळत नाही. तो चौथ्या सामन्यापर्यंत, म्हणजे नेमका हरल्यावर पदकाची आशा संपवणाऱ्या प्लेऑफपर्यंत पुढे ढकलला जातो.

क गटाचा विजेता तीन सामने निवांत लयीत खेळून आलेला असतो. त्याची बचावपटू सवयीने स्वतःच्या गोलमागे चेंडू घेऊन थांबते, साथीदार जागा घेईपर्यंत वाट बघते. क गटात ही दोन-तीन सेकंदं मिळतात. अ गटातून आलेला संघ दोन आक्रमक गोलच्या दोन्ही बाजूंनी पाठवतो आणि तिसरी मैदानाच्या कडेच्या ५० सेंटिमीटर उंच कठड्यालगत उभी राहते. कठड्यावरून सोडलेला पास तिच्याच स्टिकवर, आणि तिथून गोलसमोर मोकळी जागा. पहिल्या दहा मिनिटांत असे दोन गोल झाले की सामना हातचा गेला. साखळीत एकदा जरी फिनलंडशी गाठ पडली असती तर चेंडू येण्याआधी मान वळवून बघायची सवय लागली असती.

तिसरी_फळी
सवय एका सामन्यात लागत नाही, तिच्यासाठी घरची लीग वेगवान लागते. शिवाय अ-ब मधली चुरस हाच या स्पर्धेचा जीव आहे. २०१९ च्या विश्वचषकात नॉशातेल या स्विस शहरात स्वित्झर्लंड उपांत्य फेरीत चेक प्रजासत्ताकाविरुद्ध २-६ मागे होतं. शेवटच्या काही मिनिटांत बरोबरी साधून जादा वेळेत ७-६ जिंकलं. अंतिम सामनाही स्वीडनने जादा वेळेतच ३-२ घेतला. गोलरक्षक बाहेर बोलावून सहावी खेळाडू उतरवायची, ती कुठे उभी करायची, चेंडू गेला तर रिकाम्या गोलकडे आधी कोण धावणार, हे तोलामोलाच्या सामन्यांतच घोटलं जातं. पहिल्याच आठवड्यात या संघांना लुटुपुटूच्या लढती देऊन काय साधणार?

वेळापत्रक
दोघांनीही सामने मोजावेत. साखळीचे २४, प्लेऑफ ४, उपांत्यपूर्व ४, उपांत्य २, पदकांचे २, क्रमांकांचे १२, एकूण ४८. प्लेऑफ जिंकणारा संघ सात सामने खेळतो, तळातले चार संघ पाचच. जे सर्वात कमी खेळतात त्यांनाच खेळण्याची सर्वात जास्त गरज आहे.

गट आहेत तसेच राहू देत. फक्त अ-ब च्या चौथ्याला थेट प्लेऑफ नको. त्याने आधी क-ड च्या तिसऱ्याला हरवावं. दोनच सामने वाढतील.

तिसरी_फळी
सिंगापूरची स्पर्धा २ ते १० डिसेंबर, नऊ दिवसांत उरकली. तुमच्या हिशेबात चौथा आलेला संघ आठ सामन्यांपर्यंत जाईल. कडक फ्लोअरिंगवर रोज थांबणं-वळणं, गुडघे आणि घोटे जातील.

वेळापत्रक
मग क्रमांकांच्या लढती छाटा. ९ ते १२ साठी आधी दोन लढती आणि मग पुन्हा दोन कशाला? साखळीतल्या कामगिरीवरून थेट ९-१० आणि ११-१२ लावा, ५ ते ८ चंही तसंच. चार सामने वाचतात, दोन वाढतात. आठ सामने फक्त उपांत्य फेरी गाठणाऱ्या अ-ब च्या चौथ्या किंवा क-ड च्या तिसऱ्या संघालाच पडतील, आणि तिथवर पोहोचलेला संघ आठव्या सामन्याबद्दल तक्रार करणार नाही.

रिंकबाजू
हे मान्य. पण क्रमवारीत मागच्या एकाच विश्वचषकाचा निकाल धरावा, हा आग्रह मी सोडत नाही.