अकरा पाईपमधून एकच हाताशी ठेवायचा झाल्यास तो कसा निवडावा?

संध्यादीप (प्रश्नकर्ता)

नमस्कार. माझ्याकडे तंबाखू ओढण्याचे अकरा पाईप आहेत आणि त्यांतला सर्वांत आवडता कोणता, हे ठरवण्याची वेळ माझ्यावर आजवर आली नव्हती. ज्या दिवशी जो हाताला लागला तो ओढला, दुसऱ्या दिवशी दुसरा, असे वीस वर्षे चालले. अलीकडे डॉक्टरांशी सविस्तर बोलणे झाल्यावर मी आठवड्यातून एकदाच, रविवारी संध्याकाळी, पाईप ओढायचा असे ठरवले आहे. त्या एका बैठकीसाठी एकच पाईप बाहेर ठेवावा आणि बाकीचे स्वच्छ करून, ज्यांना त्यांची कदर आहे अशा माणसांकडे सोपवावेत, असा विचार आहे.

निवड आता चार पाईपवर येऊन थांबली आहे. पहिला ब्रायरचा, म्हणजे एका झुडपाच्या मुळाच्या लाकडाचा, बिलियर्ड नावाच्या सरळ आकाराचा आहे. त्याच्या बाउलवरचे (तंबाखू भरायच्या वाटीवरचे) लाकडाचे तंतू तळापासून काठापर्यंत इतके सरळ गेले आहेत की पाहणारा प्रत्येकजण तोच आधी उचलतो, परंतु अर्ध्यावर आला की तो हातात धरवत नाही इतका तापतो. दुसरा वडिलांचा, पीटरसन सिस्टीम पद्धतीचा बाकदार पाईप. त्याची एबोनाइटची (कडक केलेल्या रबराची) नळी हिरवट पडली आहे आणि त्यात वडिलांच्या लॅटकियाचा, म्हणजे धुरावर वाळवलेल्या तंबाखूचा, धुरकट वास इतका मुरला आहे की दुसरी कोणतीही तंबाखू भरली तरी चव त्याच वासाची येते. तिसरा डॅनिश घडणीचा अर्धबाकदार पाईप, वजन 36 ग्रॅम, दातांत धरला तर तोंडात काही आहे हेही विसरायला होते. चौथा मीरशॉम या मऊ, पांढऱ्या खनिज दगडाचा. तो घेताना पांढरा होता, आता दांड्याजवळ, म्हणजे बाउल आणि नळी यांना जोडणाऱ्या भागाजवळ, मधाच्या रंगावर आला आहे. पण फुटेल या भीतीने मी तो फार थोड्या वेळा वापरला आहे.

मी तीन तंबाखू ठेवतो: निव्वळ व्हर्जिनिया (फिकट, गोडसर तंबाखू), लॅटकियाचे मिश्रण आणि थोडा पेरिक (आंबवलेली तीव्र तंबाखू) घातलेली व्हर्जिनिया. यांतली कोणतीही सोडण्याची इच्छा नाही. आपण निवड करताना कशाला महत्त्व दिले असते?

खुंटीखोबण

आवडीनिवडीचा विचार करण्यापूर्वी चारही पाईप पूर्ण थंड असताना उघडून तपासावेत, असे मी सुचवेन. (गरम असताना नळी कधीही उपसू नये, नळीची खुंटी आणि ती जिथे बसते ती दांड्यातली खोबण उष्णतेने वेगवेगळ्या प्रमाणात फुगलेली असतात आणि दांड्याला तडा जाण्याचा धोका तेव्हाच सर्वाधिक असतो.) बाउलच्या तळाशी हवेचे छिद्र नेमके कुठे उघडते ते पाहा. ते तळाच्या मध्याशी असेल तर तंबाखू शेवटपर्यंत कोरडी जळते. ते वर सरकलेले असेल तर छिद्राखाली ओलसर तंबाखूचा गोळा उरतो, आणि शेवटची दहा मिनिटे कडवट लागण्याचे खापर आपण उगाच तंबाखूवर फोडतो. नळी जोडून पाईप क्लीनर (साफ करण्याची लवचीक, केसाळ तार) आत सरकवा. तो न अडखळता बाउलपर्यंत पोहोचला पाहिजे. सिस्टीम पद्धतीचा पाईप याला अपवाद आहे, कारण चार्ल्स पीटरसन यांनी 1890 मध्ये पेटंट घेतलेल्या त्या रचनेत दांड्याच्या आत ओलावा साठवणारी पोकळी असते आणि क्लीनर तिच्यातच उतरतो. वापरानंतर ती पोकळी पुसून कोरडी केली नाही तर कितीही उत्तम पाईप आंबट होतो. आपल्या वडिलांच्या पाईपची चव मुरलेल्या वासाने बिघडली आहे की त्या पोकळीतल्या जुन्या चिकट थराने, हे स्वच्छ केल्याशिवाय सांगता येणार नाही.

स्वच्छ करण्यासाठी बाउलमध्ये कापूस भरून तो तीव्र मद्यार्काने ओला करावा आणि रात्रभर राहू द्यावा. कापसाऐवजी मीठ वापरण्याची पद्धत जुनी आहे, पण दांड्यात उतरलेल्या मिठाने तडे गेल्याचे मी स्वतःच्या एका पाईपवर पाहिले असल्याने मी कापूसच सुचवतो. हिरवटपणाचे कारण एबोनाइटमधले गंधक आहे. रबर कडक करण्यासाठी ते घातलेले असते आणि उजेड व ओलावा यांच्यामुळे पृष्ठभागावर येते. पाण्यात भिजवलेल्या अतिशय बारीक घासकागदाने ते निघते. मात्र घासताना नळी दांड्याला जोडलेलीच ठेवा, नाहीतर सांध्याची कड गोल होते आणि ती पुन्हा कधीही नीट जुळत नाही.

बिलियर्डविषयी एक शंका. पाईप तापतो तेव्हा आपण भिंतीच्या जाडीला दोष देतो, पण बहुतेक वेळा कारण ओढण्याच्या वेगात किंवा तंबाखूच्या ओलाव्यात असते. तीच तंबाखू थोडी वाळवून, निखारा विझण्याच्या बेतात राहील इतक्या संथपणे ओढून पाहावी आणि मगच त्या पाईपला नाकारावे.

शांतवलय

आठवड्यातून एकदाच ओढायचा असेल तर माझे मत मक्याच्या कणसाच्या पाईपला आहे. हेन्री टिबी यांनी 1869 मध्ये अमेरिकेतल्या मिसूरी राज्यातील वॉशिंग्टन या गावी ते बनवायला सुरुवात केली आणि आजही त्याच गावात ते बनतात. हलका, कोरडा, आणि पहिल्या दिवसापासून गोड. आपल्या चौघांत तो नाही हे मला कळते, तरीही सांगितल्यावाचून राहवले नाही.

रेषा_आणि_राख

संध्यादीप, आपण पाईपची वर्णने फार सुंदर केली आहेत, परंतु पाईप ओढताना आपण काय करत असता, हे कुठेच सांगितलेले नाही. माझ्या मते सगळी निवड त्यावरच ठरते. चालताना ओढणाऱ्याला झाकणाचा किंवा खोल बाउलचा पाईप लागतो. लिहिताना किंवा वाचताना ओढणाऱ्याचे दोन्ही हात गुंतलेले असतात, म्हणून त्याला दातांवर भार न टाकणारा, बाकदार आणि हलका पाईप लागतो. 36 ग्रॅमचा पाईप आपल्याला का सोयीचा वाटतो याचे उत्तर कदाचित तिथेच असेल. गप्पा मारणाऱ्याचा पाईप वारंवार विझतो, त्याला पुन्हापुन्हा पेटवूनही चव न बिघडणारा पाईप हवा. आणि काहीही न करता नुसता बसणारा माणूस कोणताही पाईप हातात धरू शकतो. जगात अशी माणसे थोडी आहेत.

दुसरे असे की, ब्रायर म्हणजे भूमध्यसागराच्या परिसरात वाढणाऱ्या एरिका आर्बोरिया या झुडपाची मुळाशी असलेली गाठ. ती उष्णतेला टिकते, ओलावा शोषते, आणि शोषलेले लक्षातही ठेवते. एका ब्रायरमध्ये लॅटकिया आणि व्हर्जिनिया आलटून पालटून ओढणे म्हणजे व्हर्जिनियावर अन्याय आहे. तीन तंबाखू ठेवायच्या आणि पाईप एकच ठेवायचा, या दोन इच्छा ब्रायरच्या बाबतीत एकमेकींच्या आड येतात.

संध्यादीप

आपला प्रश्न मला फार उपयोगी पडला. मी वाचत असतो, नेहमीच. पुस्तक दोन्ही हातांत आणि पाईप दातांत, त्यामुळे डॅनिश पाईप सर्वाधिक वापरला गेला यात नवल नाही. परंतु लिहिता लिहिता हेही लक्षात आले की, गेल्या कित्येक वर्षांत मी पाईप ओढला तो बहुतेक वेळा पुस्तकाच्या आडोशानेच. अर्धी तंबाखू कधी जळून गेली हे कळतही नसे. आठवड्यातून एकदाच बसायचे तर तसे बसावे का, हा विचार आता मनातून जात नाही.

मधुरंग

मग मीरशॉमचा विचार गंभीरपणे करावा. तुर्कस्तानातील एस्किशेहिर परिसरात जमिनीखालून निघणारा हा सेपिओलाइट नावाचा खनिज दगड ओला असताना साबणासारखा कोरता येतो. वाळवून, घासून, वितळलेल्या मेणात बुडवला की तो पाईप होतो. तो सच्छिद्र असल्याने ओलावा खेचून घेतो, पण चव ब्रायरइतकी धरून ठेवत नाही. आज लॅटकिया आणि पुढच्या रविवारी व्हर्जिनिया, हे त्याला चालते. आपल्या तीन तंबाखूंची अडचण चौघांपैकी हा एकच पाईप सोडवतो.

त्याची काळजी ब्रायरच्या अगदी उलट घ्यावी लागते. ब्रायरमध्ये आतल्या भिंतीवर साधारण एक मिलिमीटरचा काजळीचा थर मुद्दाम राखतात, कारण तो लाकडाला जळण्यापासून वाचवतो. मीरशॉमला जळण्याची भीती नाही आणि थर वाढला तर तडा जाऊ शकतो, म्हणून प्रत्येक वापरानंतर, पाईप निवल्यावर, मऊ कागदाने आतून पुसून काढावे. गरम असताना बाउलला बोटे लावू नयेत. मेण तेव्हा मऊ असते आणि बोटांचे डाग त्यात राहतात. नळीला धरावे. दातांत तर मुळीच धरू नये. रंग दांड्यापासून आणि तळापासून चढत जातो आणि आठवड्याला एका बैठकीच्या गतीने तो पूर्ण चढायला फार वर्षे लागतील, पण प्रत्येक रविवार त्यात कुठेतरी जमा होईल. माझा पाईप मी सोळा वर्षे ओढतो आहे आणि काठाजवळचा एक पट्टा अजून फिकट आहे. मला तो पट्टा फार प्रिय आहे.

खुंटीखोबण

मधुरंग यांचे म्हणणे मला मान्य आहे, तरी एक गोष्ट जोडतो. पाईप जमिनीवर पडून फुटला तर ते सर्वांना दिसते, पण मीरशॉमचे नुकसान पुष्कळदा सांध्यापाशी होते, कारण दगडात नळी वारंवार पिळून तिथली भिंत झिजते. नळी काढताना आणि बसवताना दांडा मुठीत आधार देऊन धरावा आणि नळी नेहमी एकाच दिशेने फिरवावी.

संध्यादीप

चार रविवार झाले. प्रत्येक वेळी वेगळा पाईप घेतला आणि पुस्तक मुद्दाम दुसऱ्या खोलीत ठेवले.

बिलियर्ड, तंबाखू वाळवून आणि संथपणे ओढल्यावर, खरोखरच तापला नाही. इतकी वर्षे मी त्याला दोष देत होतो याचे वाईट वाटले. वडिलांचा पाईप दोनदा स्वच्छ केला. आंबटपणा पूर्ण गेला आणि लॅटकियाचा वास मात्र राहिला, तो जाऊ नये अशीच माझी इच्छा होती हे मला तेव्हा समजले. डॅनिश पाईप पुस्तकाशिवाय अगदी परका वाटला. तो दातांत धरून मी समोरच्या भिंतीकडे पाहत बसलो आणि वीस मिनिटांत उठलो.

चौथ्या रविवारी मीरशॉम घेतला. फुटेल या भीतीने तो सतत हातातच धरावा लागतो, टेबलावर ठेवताना त्याच्याकडे पाहावे लागते, आणि जी गोष्ट मला आजवर त्याचा दोष वाटत होती तिच्यामुळेच मी पूर्ण तासभर दुसरे काहीही केले नाही. व्हर्जिनियाची सुरुवातीची गवतासारखी चव आणि शेवटाकडे येणारा गोडवा यांत इतके अंतर असते हे मी विसरलो होतो. बाहेर राहील तो हाच.

बिलियर्ड अशा मित्राकडे जाईल ज्याची ओढण्याची गती माझ्यापेक्षा शांत आहे. डॅनिश पाईप धाकट्या भावाला देणार आहे; तो अजून वाचताना ओढतो. वडिलांचा पाईप मी कोणालाही देणार नाही आणि तो ओढणारही नाही. नळी घासून काळी केली आहे, सांध्याची कड शाबूत राहिली आहे, आणि कपाट उघडले की लॅटकियाचा वास येतो.