बुबुळ म्हणजे कॉर्निया की आयरिस?

नीरजा_ठाणे: नेत्रदानाच्या माहितीपत्रकाचं मराठी करतेय. कॉर्नियासाठी ‘बुबुळ’ लिहिलं होतं, तपासणाऱ्या बाईंनी खोडून ‘पारपटल’ केलं. म्हणाल्या, दहावीच्या विज्ञानात बुबुळ म्हणजे आयरिस. पण ‘बुबुळरोपण’ तर सर्रास छापून येतं! मृत्यूनंतर साधारण ६ तासांत डोळे काढावे लागतात, घरच्यांनी तेवढ्यात पत्रक वाचून ठरवायचंय. काय ठेवू?

खडूफळा: पारपटलच. तो पुढचा पारदर्शक पडदा, मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड. बराचसा कोलॅजेनचा, रक्तवाहिनी एकही नाही, प्राणवायू मुख्यतः हवेतून अश्रूंवाटे मिळतो. बुबुळ त्याच्यामागे, रंगीत आणि स्नायूंचं. त्यातलं भोक म्हणजे बाहुली. रोपण पारपटलाचं होतं. ‘बुबुळरोपण’ वाचून मुलं वर्गात विचारतात, घाऱ्या माणसाचा डोळा बसवला तर आपण घारे होणार का? रंग बुबुळात असतो, पारपटलात नाही.

कृष्णाकाठ: सर, ही वाटणी पुस्तकाने केली. आमची आजी म्हणायची, ‘बुबुळावर फूल पडलंय.’ फूल म्हणजे पांढरा डाग, तो पडतो कॉर्नियावर. वडस पांढऱ्यावरून सरकत बुबुळावर येतो म्हणतात, तोही कॉर्नियावरच. काचेसारखा पडदा वेगळा दिसतच नाही, म्हणून समोरून दिसतो तो सगळा काळा भाग बुबुळ. सुश्रुतानेही कृष्णमंडल असा एकच भाग धरलाय. वर्तमानपत्रवाले चुकले नाहीत.

खडूफळा: आजींचा शब्द आजींच्या कामाला पुरेसा होता. शल्यक्रियेच्या पत्रकात दोन अवयवांना एक नाव चालणार नाही.

मावळतीचा_वारा: सरळ कॉर्निया लिहा ना! डॉक्टर तेच म्हणतात, पेशंटही तेच. पारपटल परीक्षेबाहेर कोण बोलतं?

खडूफळा: वापरलंच नाही तर कोण बोलणार? रेटिनासाठी दृष्टिपटल रुळलाच ना!

सई_मडगाव: मला तर बुबुळाचं नातं बुडबुड्याशी असावं असं वाटतं, संस्कृत बुद्बुद. गोल, फुगीर, पाणीदार. आणि बाहुली बघा, लॅटिनमध्येही प्युपिलचा मूळ अर्थ छोटी बाहुली! समोरच्याच्या डोळ्यात आपलं इवलं रूप दिसतं त्यावरून.

कृष्णाकाठ: संस्कृतात कनीनिका, त्यातही लहान मुलगीच. पण बुडबुडा पटत नाही. मधल्या ‘द’चं काय झालं ते दाखवा.

नीरजा_ठाणे: ‘बुबुळावरचा पारदर्शक पडदा (कॉर्निया)’ असं लिहिलं तर? चेहरा विद्रूप होत नाही, हेही त्याच परिच्छेदात सांगायचंय, त्यामुळे जागा कमी आहे.

मावळतीचा_वारा: वडस म्हणजे नक्की काय पण? आमच्याकडे ‘डोळ्यात मांस वाढलं’ म्हणतात.

कृष्णाकाठ: तेच ते. उन्हातान्हात, धुळीत राबणाऱ्यांना जास्त होतं.

सई_मडगाव: आणि रांजणवाडी? तिचा रांजणाशी काही संबंध आहे का?