लॅमिन म्हणजे केंद्रकाचा नुसता सांगाडा?

पेशीवेडा:
काल 'वर्गशिक्षक' यांनी लिहिलं, "लॅमिन हा केंद्रकाचा सांगाडा, बस्स. जनुकांचं नियंत्रण वगैरे ग्रँटसाठी फुगवलेलं." राहवलं नाही म्हणून वेगळा धागा काढतोय. लॅमिन म्हणजे पेशीच्या केंद्रकाला आतून अस्तरासारखी जाळी देणारी प्रथिनं; त्या जाळीला लॅमिना म्हणतात आणि तिला चिकटलेला डीएनए बंद असतो, म्हणजे त्यावरची जनुकं वाचली जात नाहीत. एलएमएनए या एकाच जनुकातून लॅमिन ए आणि सी बनतात. त्यात एके ठिकाणी बिघाड झाला तर स्नायू झिजतात, दुसरीकडे झाला तर हातापायांवरची चरबी जाते, तिसरीकडे झाला तर प्रोजेरिया, म्हणजे लहानपणीच म्हातारपण. नुसता सांगाडा असता तर चरबीच का जावी?

वर्गशिक्षक:
स्नायू आणि हृदय सतत ताणले जातात, म्हणून तिथलं केंद्रक आधी फाटतं. ताठ ऊतीत लॅमिन ए जास्त, मऊ ऊतीत कमी, हे डिशर या संशोधकाच्या गटाने 2013 मध्ये मोजून दाखवलंय. प्रोजेरियातसुद्धा प्रोजेरिनची (बिघडलेल्या लॅमिन एची) फार्नेसिल ही तेलकट शेपटी केंद्रकाच्या पटलात अडकून राहते आणि केंद्रक वेडंवाकडं होतं. 2020 मध्ये मान्यता मिळालेलं लोनाफार्निब हे औषध ती शेपटी जोडूच देत नाही. म्हणजे भिंतीचाच रोग. चरबीचं कोडं ताणाने सुटत नाही, तेवढं तुमचं.

अनघा_सातारा:
तुमची भिंत चालू द्या. माझ्या दिरांची नाडी चाळिशीतच मंदावली, ब्लॉक निघाला, रक्तवाहिनीतला नव्हे, हृदयातले विजेचे संदेश अडणारा. शहरातल्या एका मोठ्या रुग्णालयात पेसमेकर बसवून घरी पाठवलं. सासरे तरुणपणी झोपेतच गेले होते, पण घरात असं कोणी गेलंय का, हे कुणी विचारलंच नाही. पुढे दीर एसटी स्टँडवर कोसळले ते उठलेच नाहीत. नंतर चुलत दिरांच्या तपासणीत एलएमएनएचा दोष निघाला. तेव्हा कळलं, पेसमेकर मंद नाडी सांभाळतो, बेभान धडधड थांबवत नाही. त्याला आयसीडी, म्हणजे आतून झटका देऊन ठोके ताळ्यावर आणणारं यंत्र, लागतं.

वर्गशिक्षक:
ताई, वाईट वाटलं. पण म्हणून ब्लॉकच्या प्रत्येक रुग्णाची जनुक तपासणी करायची? उतारवयात कितीतरी जणांना ब्लॉक होतो. पैसे कोण भरणार?

अनघा_सातारा:
प्रत्येकाची म्हटलंय का मी? नीट वाचा! कमी वयात ब्लॉक आणि घरात अचानक मृत्यू, एवढं जुळलं तरी पुरे. माझ्या पुतण्याला हा दोष असण्याची शक्यता निम्मी आहे. त्याच्या आईसमोर पैशांचं बोलून दाखवा.

हृदयविकार_निवासी:
ताईंचं बरोबर आहे. आमच्या ओपीडीत रांग इतकी असते की घरचा इतिहास एका ओळीत उरकतो. रांग हे कारण खरं आहे, पण त्यामुळे चूक माफ होत नाही.

वर्गशिक्षक:
ठीक, विचारायला पैसे लागत नाहीत, मान्य. पण मूळ वाद मी सोडलेला नाही. लॅमिनाला चिकटलेला डीएनए बंद असतो म्हणता. चिकटला म्हणून बंद, की बंद म्हणून चिकटला? उंदराच्या भ्रूणीय मूळपेशींतून सगळे लॅमिन काढले तरी तो डीएनए कडेलाच राहिला, हे 2015 मध्ये छापून आलंय.

पेशीवेडा:
कारण त्या पेशींत एलबीआर हे पटलातलं दुसरं प्रथिन शिल्लक असतं, ते डीएनएला धरून ठेवतं. उंदराच्या डोळ्यातल्या, अंधुक उजेडात पाहणाऱ्या दंडपेशीत एलबीआर नाही, लॅमिन ए-सीही नाही. तिथे बंद डीएनए कडा सोडून केंद्रकाच्या मधोमध गोळा होतो. नुसती भिंत असती तर आतलं सामान जागचं हललं नसतं, सर.