इलेक्ट्रोलॅरिंक्सचा सेल दुपारीच उतरतो, कुठे बघावं?

वाचाउपचार_नाशिक: स्वरयंत्र काढलेल्या एका काकांकडे ९ व्होल्टच्या सेलवर चालणारा इलेक्ट्रोलॅरिंक्स (बोलण्यासाठी मानेला टेकवून आवाज देणारं यंत्र) आहे. निकेल-मेटल हायड्राइड (पुन्हा चार्ज होणारा) सेल नवा, २०० एमएएच (मिलिअँपिअर-तास) क्षमतेचा. रात्रभर चार्जिंगला असतो, तरी दुपारी आवाज बसतो. तेव्हा मीटरवर ८.६ व्होल्ट दिसतात. सेल बदलायचा की यंत्र उघडायचं?

सोल्डरगन: आधी बटण दाबून धरा आणि मग व्होल्टेज मोजा. नुसत्या सेलचा आकडा फसवा असतो. आत १.२ व्होल्टचे सात छोटे सेल एकापुढे एक जोडलेले असतात. बटण दाबल्यावर आकडा ७ च्या खाली आला तर सेल रिकामा झालाय किंवा सातातला एखादा गेलाय.

आकडा टिकूनही आवाज बसत असेल तर बॅटरीला समांतर लावलेला इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर बघा. आतली हातोडी पडद्यावर सेकंदाला शंभरेक वेळा आदळते आणि दर ठोक्याला कॉइल मोठा करंट ओढते. तो झटका कॅपॅसिटरने झेलायचा. तो सुकला की ठोका मऊ पडतो, पण मीटर सरासरी दाखवतो, त्यामुळे पत्ता लागत नाही. चार्जरवर किती एमए (मिलिअँपिअर) छापलंय?

स्पीच_पुणे: यंत्र उघडण्याआधी काकांची मान बघा. यंत्राचं डोकं कातडीला पूर्ण टेकलं नाही की आवाज घशात न जाता बाहेर गुणगुणतो. मग माणूस व्हॉल्यूम वाढवतो आणि सेल तिथेच संपतो. रेडिएशननंतर मान कडक झाली असेल तर हनुवटीखाली किंवा गालावर मऊ जागा शोधा, नाहीतर तोंडात धरायची नळी लावा. वाक्य संपलं की बटण सोडायची सवय लावाच. त्याने सेल वाचतो आणि ऐकणाऱ्याला शब्दही सुटे कळतात.

वाचाउपचार_नाशिक: चार्जरवर १६ एमए आहे. सेल साधारण ९ तास चार्जिंगला असतो.

सोल्डरगन: सापडलं! असा सेल भरायला त्याच्या क्षमतेच्या १.४ पट द्यावं लागतं, म्हणजे २८० एमएएच. तुमचे जातात १६ गुणिले ९, म्हणजे १४४. सेल जेमतेम अर्धा भरतोय. १७-१८ तास लावा आणि दोन सेल आलटूनपालटून वापरा.

लिथियमचा घेतलात तर या चार्जरला अजिबात लावू नका, त्याला ८.४ व्होल्टवर थांबणारा स्वतःचा चार्जर लागतो. काही लिथियम सेल शेवटपर्यंत पूर्ण व्होल्टेज देतात आणि एकदम बंद पडतात. काकांच्या खिशात भरलेला दुसरा सेल हवाच.