शब्दचर्चा : स्वयंजुळणी की स्वयंरचना?

प्रश्न : हुकूम मिळताच एकमेकांना चिकटून पाना किंवा स्टूल होणारे, आणि काम झालं की पुन्हा ढिगात मिसळणारे इवलेसे रोबो – या कल्पनेसाठी मराठी शब्द हवा आहे. 'स्वयंचलित यंत्रमानव-समूह' वाचनात आला, पटला नाही.

प्रतिसाद : यंत्रमानव नकोच. ज्या ठोकळ्याला ना हात ना पाय, त्यात मानव कुठला? सुट्या एककाला 'यंत्रकण' म्हणावं.

क्रियेचं म्हणाल तर 'जोडणे'ला जोडणारा लागतो, 'जुळणे' आपलं आपण होतं. म्हणून स्वयंजोडणी नव्हे, स्वयंजुळणी. पण हा शब्द सरसकट लावू नये असं मला फार वाटतं. हार्वर्ड विद्यापीठाच्या 1024 'किलोबॉट्स'नी, म्हणजे चिमुकल्या रोबोंनी, 2014 मध्ये चांदणीचा आकार केला, तेव्हा ते एकमेकांना कुठेच अडकले नव्हते. थरथरत सरकायचं, शेजाऱ्याचं अंतर इन्फ्रारेडने मोजायचं आणि जागा सापडली की थांबायचं, एवढंच. ती स्वयंरचना. तो आकार उचलता येणार नाही.

एमआयटीचे 'पेबल्स' मात्र खरोखर जुळतात. सेंटीमीटरभराच्या या ठोकळ्यांच्या कडांना असे चुंबक आहेत की वीज फक्त पकड बदलताना लागते, धरून ठेवायला लागत नाही. गंमत म्हणजे तिथे आधी सगळे कण जुळून एकच लादी होते, मग आकारात न बसणारे पकड सोडतात आणि उरते ती वस्तू. मूर्तिकार दगड कोरतो तसं. म्हणजे वस्तू घडते ती सुटण्यातून! या अर्ध्या भागाला आपल्याकडे नाव नाही.

प्रश्न : 'विघटन' चालेल?

प्रतिसाद : नाही. विघटनात कुजणं, नासणं येतं. इथे कण शाबूत राहतात आणि पुन्हा कामाला येतात. 'मोडणे'ही त्याच कारणाने बाद. साधं 'सुटणे' घ्या, नाम हवं तर 'स्वयंसुटका'. कानाला जरा नवं लागेल, पण अर्थ नेमका आहे.

या सगळ्या कल्पनेला इंग्रजीत 'प्रोग्रॅमेबल मॅटर' म्हणतात, त्याला मी 'आज्ञांकित द्रव्य' म्हणेन. टोफोली आणि मार्गोलस या संशोधकांनी 1991 मध्ये ही संज्ञा वापरली ती गणना करणाऱ्या बारीक घटकांच्या जाळीसाठी. आकार बदलणाऱ्या वस्तू हा अर्थ नंतर चिकटला. जुन्या लेखनाचं भाषांतर करताना एवढं सांभाळा.

वाक्यात वापर : 'यंत्रकणांची स्वयंजुळणी होऊन पाना तयार झाला, बोल्ट आवळल्यावर कण सुटे झाले.'