उत्तर: १९९१ ला लायसन्स राज संपलं?

'१९९१ ला लायसन्स राज (म्हणजे धंद्याला पावलोपावली सरकारी परवाना लागायची पद्धत) संपलं' असं एकाने लिहिलंय, ते कारखान्यांपुरतं मान्य. नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींत फरक दिसलाच. पण शेतमालाचा बाजार राज्याच्या अखत्यारीत, आणि तिथे महाराष्ट्रात १९६३ चा बाजार समिती कायदाच चालू राहिला. राज्यात फळं-भाजीपाला, कांदा-बटाटा नियमनमुक्त व्हायला, म्हणजे बाजार समितीबाहेर विकायची मुभा मिळायला, २०१६ उजाडलं. पंचवीस वर्षं गेली. त्याच वेळी आडत (अडत्याचं कमिशन) शेतकऱ्याकडून काढून खरेदीदारावर टाकली, तर व्यापाऱ्यांनी लिलावच बंद ठेवले होते.

आमच्या घरचा, कांदा विकण्याचा अनुभव सांगतो. हिशेबपट्टीवरची आडतीची ओळ गेली, हे खरंच. पण लिलावाला ट्रॅक्टरभोवती उभे राहणारे चेहरे तेच सात-आठ. मूठभर कांदा उचलायचा, पत्ती चोळून बघायची, अर्ध्या मिनिटात भाव फुटतो. मग व्यापाऱ्याच्या खळ्यावर ट्रॉली खाली करताना 'खालचा माल बारीक निघाला' म्हणून क्विंटलमागे शंभर रुपये कमी. अर्धी ट्रॉली रिकामी झालेली असते, भांडणार कोण? एकदा वडिलांनी समितीत तक्रार नेली, तर 'आपसात मिटवा' म्हणाले. (मिटवलं. म्हणजे ऐकून घेतलं.)

बाहेर विकायची मुभा कागदावर आली, पण बाहेर तोलणारा, पैशाची हमी देणारा, तंटा सोडवणारा कोणीच उभा केला नाही. आणि भाव जरा चढला की दिल्ली हात घालतेच. ८ डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदी आली तेव्हा आमचा लाल कांदा बांधावरच पडून होता.