मदत हवी आहे - डोनर हार्टचे ४ तास नक्की कधीपासून मोजतात?

मंडळी, माझा आतेभाऊ नाशिकला असतो, डायलेटेड कार्डिओमायोपथी (हृदय फुगून कमजोर होण्याचा आजार) आहे, हृदयाचं पंपिंग १५ टक्क्यांवर आलंय. मुंबईच्या हॉस्पिटलमार्फत झेडटीसीसीच्या (अवयव वाटपाचं विभागीय केंद्र) यादीत नाव लागलंय. कोऑर्डिनेटर मॅडम म्हणाल्या की हृदय किडनीसारखं दिवसभर ठेवता येत नाही, साधारण ४ तासांत बसवावं लागतं. तेव्हापासून आत्याचा एकच धोशा, नाशिकहून ४ तासांत कसे पोचणार, आत्ताच मुंबईत खोली घ्या. पण वहिनीची नोकरी, मुलांची शाळा सगळं इथेच आहे हो. खरंच हलायला हवं का? आणि ते मशीन असतं ना, ज्यात हृदय गरम रक्तावर धडधडत ठेवून नेतात, अमेरिकेत २०२१ ला मंजुरी मिळालेलं, त्याचा आग्रह धरावा का? कोणी यातून गेलं असेल तर प्लीज सांगा.

प्रतिसाद: माझ्या बाबांचं ट्रान्सप्लांट झालंय. ते ४ तास पेशंटच्या प्रवासाचे नाहीत, हृदयाचे आहेत. डोनरची महाधमनी (हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी) चिमट्याने बंद केली की घड्याळ सुरू आणि नव्या शरीरात त्या हृदयातून रक्त वाहायला लागलं की बंद. त्यातला तासभर तर टाके घालण्यातच जातो, म्हणून तर ग्रीन कॉरिडॉर (अँब्युलन्ससाठी पोलिसांनी मोकळा केलेला रस्ता) लागतो. २०१५ मध्ये पुण्याहून मुलुंडला हृदय आणलं तेव्हा विमानही वापरलं होतं. पेशंट तोवर टेबलवर तयार असतो. फोन बराच आधी येतो कारण ब्रेन डेथच्या तपासण्या दोनदा, मध्ये किमान ६ तास ठेवून करतात, मग घरच्यांची संमती, मग मॅचिंग. तरी कसाऱ्याला ट्रॅफिकमध्ये अडकलात तर अवघड, त्यामुळे बोलावल्यावर किती वेळात पोचायचं हे हॉस्पिटललाच विचारा आणि त्यावर ठरवा. फोन आला की त्याला काही खायला-प्यायला देऊ नका.

मशीनच्या मागे लागू नका, ते सर्जनना ठरवू दे. मशीन नसेल तर हृदय बर्फाच्या पेटीतून नेतात, पण त्याचा अर्थ ते बर्फात टाकतात असं नाही. पोटॅशियमचं थंड द्रावण सोडून ते थांबवतात, एकात एक पिशव्यांत ठेवतात, बर्फ थेट लागू देत नाहीत कारण गोठलं तर स्नायू मरतो. ८ डिग्रीला द्रावण फिरवत ठेवणारी पेटीही आलीये, फ्रेंच डॉक्टरांनी तिच्यातून कॅरिबियन बेटांवरून पॅरिसला हृदय नेलं, जवळपास १२ तास. पण जवळच्या डोनरसाठी बर्फ वर्षानुवर्षं चालतोय, बाबांचंही तसंच आलं.

धागाकर्ता: खूप खूप आभार! आत्याला आत्ताच वाचून दाखवतो. उद्या मॅडमना वेळ विचारतो आणि रात्री-बेरात्री निघेल असा ड्रायव्हर बघून ठेवतो.